कर्ता कोण? : पश्चिम घाटाविषयीच्या दोन अहवालांचे वाचन

सरकारी अहवालाला वाङ्मयप्रकार मानण्याची आपल्याकडे प्रथा नाही. अहवाल सादर होतो, पटलावर ठेवला जातो, त्यावरून वाद होतात आणि वाद घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो वाचलेला असतो. तथापि ज्या गद्यावर लक्षावधी माणसांच्या जमिनीचे, पाण्याचे आणि उपजीविकेचे भवितव्य अवलंबून असते, त्या गद्याची चिकित्सा साहित्यप्रेमींनी करू नये, असे आम्हांस वाटत नाही. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस वसलेल्या आमच्या वाचकांना तर हा विषय परका नाही. सत्तरी, सांगे, दोडामार्ग, खानापूर ही नावे या कागदपत्रांतून वारंवार येतात. म्हणून माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाचा 2011 चा अहवाल आणि के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाचा 2013 चा अहवाल आम्ही येथे शेजारी शेजारी ठेवून वाचीत आहोत.

या दोन अहवालांची तुलना सामान्यतः क्षेत्रफळाच्या आधारे केली जाते. गाडगीळ समितीने सुमारे 1,29,037 चौरस किलोमीटरचा पश्चिम घाट संपूर्णच संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर कल्पिले. कस्तुरीरंगन समितीने घाटाची व्याप्ती 1,64,280 चौरस किलोमीटर धरली खरी, पण त्यातील सुमारे 37 टक्के भागच संवेदनशील क्षेत्र म्हणून राखावा असे सुचविले. यावरून पहिला अहवाल कठोर आणि दुसरा व्यवहारी, असा समज रूढ झाला. आमच्या मते हा समज वरवरच्या वाचनातून आलेला आहे. दोहोंतील खरा भेद आकड्यांत नसून वाक्यरचनेत आहे. निसर्गरक्षणाच्या वाक्याचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही अहवाल वेगवेगळे देतात.

गाडगीळ समितीपुढे महाबळेश्वर-पाचगणीचे उदाहरण होते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली हा परिसर 2001 मध्ये संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. कायदा आला, पण तो राबविण्याचा अधिकार सर्वस्वी नोकरशाहीच्या हाती राहिला. परिणामी सामान्य शेतकऱ्याला साध्या विहिरीच्या परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागले आणि लाचलुचपतीला वाव मिळाला. हे नमूद करताना समितीने कायदा सैल करा असे म्हटले नाही. कायद्याची दोरी कोणाच्या हाती असावी, याचा फेरविचार करा असे म्हटले. संवेदनशील क्षेत्रांच्या सीमा आणि तेथील नियम यांविषयीच्या आपल्या सूचना केवळ प्रारंभिक आहेत, त्या स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे ठेवाव्यात आणि तेथून आलेल्या मतांवरून अंतिम रूप द्यावे, अशी तिची भूमिका होती. गोव्यातील प्रादेशिक आराखडा 2021 च्या निमित्ताने गावागावांत झालेल्या चर्चांचा दाखला तिने याच संदर्भात दिला. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील 25 ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत अशी मागणी स्वतःहून केल्याची नोंदही तिने घेतली. पर्यावरणीय लोकशाही या शब्दाला काही अर्थ असेल, तर तो अशा ठरावांत आहे.

परंतु या अहवालाची भलामण करताना त्यातील विसंगती झाकणे योग्य नव्हे. जो अहवाल लोकांना विचारा म्हणतो, त्याचा नकाशा मात्र सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकटींवर आखलेला आहे आणि त्याचे स्तर तालुक्यांना लावलेले आहेत. एका तालुक्यात घनदाट रान, भातशेती आणि बाजारपेठ एकत्र नांदतात, हे पश्चिम घाटात राहणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. शिवाय अंमलबजावणीसाठी समितीने सुचविलेले वैधानिक प्राधिकरण केंद्र, राज्य, जिल्हा अशा उतरंडीचे आहे. तळातून वर जाण्याची भाषा बोलणाऱ्या लेखनात वरून खाली येणारी ही रचना वाचकाला खटकते. विरोधकांनी नेमके याच रचनेवर बोट ठेवले.

कस्तुरीरंगन समितीने नकाशातील हा दोष पुष्कळसा दूर केला. उपग्रहचित्रांच्या आधारे तिने पृथक्करण सूक्ष्म केले, नैसर्गिक भूप्रदेश आणि मानवी वस्तीचा, शेतीमळ्यांचा भूप्रदेश वेगळे काढले आणि तालुक्याऐवजी गाव हे एकक मानले. ही प्रगती मान्य केली पाहिजे. संवेदनशील क्षेत्रातील प्रकल्पांस ग्रामसभेची पूर्वसंमती आवश्यक ठेवावी, असेही या समितीने म्हटले आहे. मग आक्षेप कशास? आक्षेप असा की, येथे गाव नकाशावर ठळक होते, पण वाक्यात मात्र कर्मस्थानी जाते. त्याची निवड होते, त्याची गणना होते आणि शेवटी त्याची संमती घेतली जाते. आपल्या रानाचे, ओढ्याचे आणि चराऊ कुरणाचे नियम स्वतः मांडण्याचा आरंभाचा अधिकार त्याला उरत नाही. आर्थिक निर्णयांत स्थानिक समाजाला स्थान नाही, अशा आशयाच्या विधानावर गाडगीळांनी मे 2013 मधील आपल्या जाहीर पत्रात तीव्र आक्षेप घेतला, तो याच कारणाने. पहिल्या अहवालाचे एकक ढोबळ आहे, पण त्यात गाव बोलते. दुसऱ्याचे एकक नेमके आहे, पण त्यात गावाला केवळ होय किंवा नाही म्हणता येते.

नकाराचा अधिकारही अर्थात क्षुल्लक नव्हे. ज्या एप्रिल 2013 मध्ये दुसरा अहवाल सादर झाला, त्याच महिन्याच्या 18 तारखेस सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइट खाणीबाबत निर्णय दिला. वनहक्क अधिनियम, 2006 चा आधार घेऊन न्यायालयाने डोंगरिया कोंध समाजाच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा असे सांगितले. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये राज्य सरकारने निवडलेल्या 12 गावांत सभा झाल्या आणि बाराही सभांनी खाण नाकारली. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने तर याच कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून एक पाऊल पुढे टाकले. नियमगिरीने नाही म्हटले. मेंढा-लेखाने आपल्या रानाचा कारभार हाती घेतला. कायदा दोन्हींना जागा देऊ शकतो, हे या उदाहरणांवरून दिसते.

आता भाषेचा प्रश्न, जो आमच्या मंडळाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. गाडगीळ अहवाल 31 ऑगस्ट 2011 रोजी सादर झाला आणि कित्येक महिने मंत्रालयातच राहिला. माहिती अधिकाराखाली झालेली मागणी, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय एवढे सोपस्कार झाल्यावर मे 2012 मध्ये तो खुला झाला, तोही इंग्रजीत. जो मजकूर लोकांनी वाचलाच नाही, त्याच्या जागी अफवा वाचली गेली. घरे जातील, शेती बंद होईल अशी भीती केरळच्या इडुक्कीपासून कोकणापर्यंत पसरली. लोकांचा विरोध अज्ञानातून आला, असे म्हणणे सोपे आहे. ते अज्ञान कोणी राखले, हे विचारणे अधिक आवश्यक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने जून 2020 मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आठव्या अनुसूचीतील सर्व 22 भाषांत आणण्याचा आदेश दिला, तेव्हा भाषा हा निसर्गरक्षणाच्या कायद्याचाच भाग असल्याचे अधोरेखित झाले. परक्या भाषेतील नोटीस म्हणजे काय, हे सीमाभागातील वाचकांना आम्ही निराळे सांगावयास नको.

पश्चिम घाटाबाबत 2014 ते 2024 या काळात अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा, 56,825.7 चौरस किलोमीटरचा मसुदा, 31 जुलै 2024 चा. त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे दगावली होती. प्रत्येक मसुद्यावर हरकतींसाठी 60 दिवसांची मुदत दिली गेली. हरकत घेणारा नागरिक येथे आहे. नियम रचणारी ग्रामसभा येथेही नाही.

दोडामार्ग तालुका दुसऱ्या अहवालाच्या संवेदनशील क्षेत्रातून वगळला गेला होता. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा अधिसूचित करण्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने मुदत घालून आदेश दिला तो मार्च 2024 मध्ये, तोही संस्थांच्या जनहित याचिकेवर. ग्रामसभांनी जे एका दशकाहून अधिक काळापूर्वी ठरावात लिहिले होते, ते ऐकून घेण्यासाठी व्यवस्थेला न्यायालयाची गरज पडली. न्यायालयाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु गावाचा ठराव थेट कायद्याच्या मसुद्यात उतरेल अशी तरतूद असती, तर ही याचिकाच करावी लागली नसती. पुढचा मसुदा जेव्हा निघेल, तेव्हा तो आधी गावाच्या भाषेत ग्रामसभेत वाचला जावा, तेथील दुरुस्त्या नोंदल्या जाव्यात आणि त्या का स्वीकारल्या वा नाकारल्या याची कारणे लेखी दिली जावीत, एवढी मागणी तरी वाचनावर विश्वास असलेल्या प्रत्येकाने करावयास हवी.