द्विभाजन-शोधाचा स्वाध्याय : एक परीक्षण

विदासंरचनेच्या अभ्यासक्रमात क्रमबद्ध सारणीतील द्विभाजन-शोधाचा स्वाध्याय बहुधा असतोच. दहा-वीस संख्या द्याव्यात, इष्ट स्थान सापडले की पूर्ण गुण द्यावेत, हा त्याचा रूढ प्रकार होय. या कसोटीने नेमके काय पारखले जाते, हा प्रश्न मात्र विचारार्ह आहे.

कनूथ यांच्या नोंदीप्रमाणे ही रीत १९४६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. कोणत्याही लांबीच्या सारणीस लागू पडणारे तिचे रूप प्रसिद्ध होण्यास १९६० साल उजाडावे लागले. पुढे २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जावा भाषेच्या प्रमाण संग्रहातील शोधातही दोष दाखविला. मध्य काढताना दोन्ही टोकांच्या क्रमांकांची बेरीज २१४७४८३६४७ पलीकडे गेली की बत्तीस बिटांच्या पूर्णांकात ती ऋण होई. खालच्या टोकात अंतराचे अर्ध मिळविल्यास हा दोष उरत नाही.

दहा-वीस संख्यांच्या चाचणीत असा दोष कदापि दिसणार नाही. तेव्हा उत्तराबरोबरच, प्रत्येक फेरीअंती कोणते विधान सत्य राहते आणि ते का, याचे लेखी समर्थन मागणे अगत्याचे ठरते. ते न मागता दिलेले पूर्ण गुण विद्यार्थ्याचा भ्रमच दृढ करतात. आणि ती उणीव विद्यार्थ्याची नसून स्वाध्यायाची होय.