पाद्री कुठे गेला?

रोलंड जॉफेचा ‘सिटी ऑफ जॉय’ (1992) आधी पाहिला, मग दोमिनिक लापिएरचं 1985चं मूळ पुस्तक वाचलं आणि चक्रावलो. हावड्याच्या झोपडपट्टीत राहायला येणारा कॅथलिक पाद्री सिनेमात गायबच! उरतो अमेरिकन डॉक्टर, पॅट्रिक स्वेझी. (ओम पुरी मात्र जबरदस्त.)

डॉक्टर असला की गोष्ट सोपी होते: जखम, मलमपट्टी, टाळ्या. पाद्री अडचणीचा. तो हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांमध्ये, त्यांच्यासारख्याच खोलीत राहतो. कशाला? आपल्याकडे मिशनरी म्हटलं की संशय घ्यायचा, नाहीतर आरती ओवाळायची. लापिएरही गरिबांना फारच संत करून ठेवतो, ते खटकतंच. पण नुसतं सोबत राहणं ही सेवा आहे का, हे तो पाद्रीमार्फत विचारू तरी शकतो. सिनेमाने पाद्रीसोबत तो प्रश्नही कापलाय.