मौनाचा अधिकार : एका निकालपत्राचें परीक्षण

निकालपत्रें वकिलांनीं वाचावयाचीं, साहित्यिकांनीं नव्हेत, असा समज आहे. पण ज्या लेखनावर सामान्य माणसाची मोकळीक अवलंबून असते, तें वकिलांच्या कपाटांत सोडून द्यावें, हें आम्हांस मान्य नाहीं.

कसबा पेठेंतून नदी ओलांडली कीं शिवाजीनगरचें न्यायालय लागतें. इ. स. २००८ च्या जूनमध्यें पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत मेंदूच्या विद्युत्-आलेखाचा पुरावा जमेस धरून एका तरुणीस जन्मठेप दिली. डोक्यास तारा लावावयाच्या, आरोपीनें डोळे मिटून गप्प बसावयाचें, आणि 'मीं अमुक केलें' अशा धाटणीचीं वाक्यें तिला ऐकवावयाचीं. तिनें तें खरोखर अनुभवलें कीं केवळ ऐकलें, हें यंत्रानें सांगावयाचें! जुन्या काळीं रवादिव्य असे. उकळत्या तेलातुपांतून धातूचा तुकडा काढावयाचा आणि हात पोळला कीं नाहीं यावर खरेंखोटें ठरावयाचें. तेथें आरोपीस निदान हात तरी स्वतः घालावा लागे. त्याच वर्षीं उच्च न्यायालयानें तिला जामीन दिला. यंत्राचा प्रश्न तेवढ्यानें सुटला नाहीं.

तो हातीं घेतला सर्वोच्च न्यायालयानें, ५ मे २०१० च्या 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालपत्रांत. बोटांचे ठसे देणें म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणें नव्हे, हें १९६१ सालींच काठी कालू ओघड खटल्यांत ठरलें होतें. मग मेंदूचा आलेख निराळा कसा? सरन्यायाधीश बालकृष्णन् व त्यांचे सहकारी यांनीं दिलेलें उत्तर हा आमच्या मतें या लेखनाचा सर्वांत तेजस्वी भाग होय. ठसा केवळ ताडून पाहावयाचा असतो. मेंदूची प्रतिक्रिया मात्र माणसास काय ठाऊक आहे तें उघड करते. ओठ मिटलेले असले तरी ती साक्षच. म्हणून संमतीवांचून नार्को, असत्यशोधक यंत्र वा मेंदूचा आलेख यांची चांचणी घेणें घटनेच्या २० (३) व २१ या कलमांविरुद्ध ठरलें.

येथवर आम्ही निःशंक प्रशंसक आहों. पुढें मात्र लेखणी कचरते. संमतीनें घेतलेल्या चांचणीचा निष्कर्ष पुरावा नव्हे, पण तिच्या साह्यानें सांपडलेली वस्तु २७ व्या कलमान्वयें ग्राह्य! कोठडींतल्या माणसाचा होकार म्हणजे काय? नकार दिला तर 'कांहींतरी लपवितो' हा संशय ठरलेलाच. संमति दंडाधिकाऱ्यापुढें नोंदवावी, वकील द्यावा, हे निर्बंध चांगलेच; पण दंडाधिकाऱ्यापुढून उठून तो परत कोठें जातो, याचा विचार जितका खोल व्हावयास हवा होता तितका झालेला नाहीं. १ जुलै २०२४ पासून जुना पुराव्याचा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. २७ व्या कलमाचा आशय त्याच्या २३ व्या कलमांत नेऊन बसविला आहे.