दवाखान्यात न पोचलेल्या मांजरी

मांजरींच्या इजांवरचा गाजलेला शोधनिबंध म्हणजे व्हिटनी आणि मेहलहाफ यांचा, १९८७ चा. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरी. उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के वाचल्या. सात मजल्यांपर्यंत इजा वाढतात, त्याहून वर कमी होतात, असा निष्कर्ष.

पण थांबा. हा नमुना आला कुठून? दवाखान्याच्या दारातून. जागीच मेलेली मांजर तिथे कोण नेतं? आणि नुसती लंगडणारी तरी? दोन्ही टोकं गायब! झाग्रेबच्या ११९ मांजरींच्या अभ्यासात (२००४) तर सातव्या मजल्यापासून वर इजा जास्त गंभीर निघाल्या.

आता आपल्या गोंदियाकडे बघा. कौलारू घर, मांजर रात्रभर बाहेर, सकाळी पायावर बारीक जखम. कशाची, कोणालाच माहीत नाही. "चाटून बरी होईल." बऱ्याचदा होतेही. पण दुसऱ्या मांजरीचा चावा असेल, तर वरून कातडी मिटते आणि आत पू साठतो. त्यात कोणी माणसाची पॅरासिटामॉल दिली, तर ती मांजरीला विषच.

यातली किती प्रकरणं रजिस्टरमध्ये दिसतील? म्हणून किरकोळ इजांवर प्रस्ताव लिहाल, तर घरोघरी विचारायची तयारी ठेवा. आणि कुठलाही तक्ता वाचताना आधी शोधा, यात कोण आलंच नाही.