क्रमवारीत पहिलं आलं ते नेमकं काय?

वेब फ्रेमवर्कच्या वेगावर प्रबंध करायचा म्हटलं की टेकएम्पॉवरचे बेंचमार्क हमखास समोर येतात. २०१३ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम, सगळा कोड खुला. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण त्यातला आकडा उचलून ‘अमुक फ्रेमवर्क तमुकच्या दहापट वेगवान’ असं लिहाल, तर व्हायव्हात पकडले जाल.

कारण मोजला जातो तो फ्रेमवर्कचा वेग नव्हे, एका विशिष्ट नोंदीचा. एएसपी डॉट नेट कोरचंच बघा. त्याच्या नावावर अनेक नोंदी आहेत. वरच्या क्रमांकावर दिसते ती ‘प्लॅटफॉर्म’ वर्गातली. राऊटिंग, मिडलवेअर वगैरे बाजूला ठेवून थेट केस्ट्रेल सर्व्हरवर हाताने लिहिलेली. तुम्ही-आम्ही ॲप लिहितो ते एमव्हीसी वापरून, आणि त्याची नोंद वेगळी आहे. म्हणून आधी कोड उघडून वाचा.

‘प्लेनटेक्स्ट’ चाचणीत तर उत्तर फक्त ‘हॅलो, वर्ल्ड!’ एवढंच, तेही पाइपलायनिंग करून, म्हणजे उत्तराची वाट न बघता एकाच कनेक्शनवर १६ विनंत्या एकदम. आजचे ब्राउझर असं करत नाहीत. त्यामानाने ‘फॉर्च्युन्स’ चाचणी मला आवडते: डेटाबेसमधून ओळी आणायच्या, एक नवी मिसळायची, क्रम लावायचा, एस्केप करून एचटीएमएल द्यायचं. निदान खऱ्या कामाच्या जवळ जाणारं!

दुसरी मेख भार टाकणाऱ्या साधनात आहे. डब्ल्यूआरके हे साधन उत्तर आल्यावरच त्या कनेक्शनवर पुढची विनंती पाठवतं. समजा, एकच कनेक्शन आहे, दर उत्तराला १० मिलिसेकंद लागतात आणि १० सेकंदांत सर्व्हर १ सेकंद अडकला. नोंदी होतील साधारण ९०० वेळेवरच्या आणि उशिराची फक्त १. त्यामुळे ९९ वा पर्सेंटाइल १० मिलिसेकंदच दिसतो. प्रत्यक्षात त्या सेकंदात शंभर वेगवेगळी माणसं आली असती, तर ती सरासरी किमान अर्धा सेकंद ताटकळली असती. गिल टेने यांनी याला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ म्हटलं आणि ठराविक दराने विनंत्या पाठवणारं डब्ल्यूआरके२ लिहिलं.

तेव्हा लेटन्सीचा दावा करायचा असेल तर मोजणी ठराविक दराने करा, आणि पद्धतीच्या प्रकरणात तो दर, नोंदीचं नाव आणि तिचा वर्ग लिहा.