परवाना आणि पाणवठा

सावकाराच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या आपल्या आजा-पणज्यांना त्या कागदात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. कागद सावकाराचा, अक्षर कुळकर्ण्याचे आणि अंगठा आपला, असा तो व्यवहार होता. आज त्यांची पतवंडे पदवीधर झाली आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनचे धान्य, परीक्षेचा निकाल, मजुरीची नोंद हे सारे आता संगणकातून जाते आणि जागोजाग 'मला मान्य आहे' या चौकटीवर बोट टेकवावे लागते. त्या चौकटीमागचा करार कोणी वाचत नाही. आणि यंत्र ज्या आज्ञांनी चालते त्या आज्ञा तर बहुधा वाचूच दिल्या जात नाहीत. म्हणजे पुन्हा अंगठाच. हा प्रश्न इंजिनिअरांचा आहे, आपला नव्हे, असे चळवळीतील पुष्कळ कार्यकर्ते समजतात. तो समज तपासावा, आणि ज्या जाहीरनाम्याने हा प्रश्न जगापुढे मांडला त्याची आपल्या बाजूने चिकित्सा करावी, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम भूमिका स्पष्ट केली पाहिजे. यंत्राविषयी आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. यंत्राने माणूस बिघडला, खेड्याकडे चला, हा एक. आणि यंत्र आले की जात आपोआप जाईल, हा दुसरा. पहिला सूर ज्यांना खेड्याने वेशीबाहेर ठेवले त्यांच्या कामाचा नाही. दुसऱ्याचे खोटेपण आपण रोज पाहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात वेगळीच मांडणी केली आहे. पशूसारख्या राबणुकीतून माणसाला सोडवून त्याला फुरसत मिळवून देणे हे यंत्राचे काम; फुरसतीवाचून संस्कृती नाही; आणि यंत्राच्या नावावर जे दोष मांडले जातात ते खाजगी मालकीला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचे आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेव्हा आपले भांडण यंत्राशी नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि फुरसत कोणाच्या वाट्याला, हा आपला प्रश्न आहे.

संगणकाच्या बाबतीत मालकी परवान्यातून चालते. प्रोग्रॅमर ज्या रूपात आज्ञा लिहितो ती मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, माणसाला वाचता येते, दुरुस्त करता येते. यंत्रासाठी तिचे जे रूपांतर होते ते वाचता येत नाही. कंपनी आपल्याला हे दुसरे रूप देते आणि पहिले कुलपात ठेवते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरला एका नव्या प्रिंटरची संहिता हवी होती. कागद अडकला की प्रिंटरने तसे कळवावे, एवढीच सुधारणा त्याला करावयाची होती. ज्याच्याजवळ संहिता होती त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. त्या नकाराची आठवण स्टॉलमन पुढे वारंवार सांगत आला. १९८३ मध्ये त्याने 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८५ मध्ये तिचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला.

या परवान्याची करामत समजून घेण्यासारखी आहे. प्रताधिकाराचा कायदा मालकाने इतरांना अडविण्यासाठी असतो. जीपीएलने तोच कायदा उलटा फिरविला. प्रोग्रॅम वापरा, वाचा, बदला, वाटा; मात्र बदललेला प्रोग्रॅम वाटाल तर पुढच्याला हेच सारे हक्क आणि मूळ संहिता द्यावी लागेल. याउलट बीएसडी धाटणीचे परवाने घेणाऱ्याला जवळपास सर्व मोकळीक देतात. त्याने ती वस्तू घेऊन पुन्हा कुलपात टाकली तरी चालते. 'अधिक स्वातंत्र्य कोणते' हा दोन्ही पक्षांचा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याला तो समजण्यास कठीण नाही. सार्वजनिक विहिरीला कुंपण घालण्याचे स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य मानावयाचे काय, एवढाच त्याचा अर्थ आहे. या बाबतीत आपण जीपीएलच्या बाजूला उभे राहिले पाहिजे.

१९९८ मध्ये या चळवळीतीलच काहींनी 'फ्री सॉफ्टवेअर' हे नाव टाकून 'ओपन सोर्स' हे नाव पुढे केले. 'फ्री' म्हणजे फुकट असाही अर्थ होतो, स्वातंत्र्याची भाषा व्यापाऱ्यांना बिचकवते, ही त्यामागची कारणे. नव्या नावात हक्काची भाषा मागे पडली आणि ही पद्धत अधिक कार्यक्षम आहे ही भाषा पुढे आली. आपल्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटेल. साहित्याला 'दलित' हे विशेषण कशाला, साहित्य ते साहित्य, हा उपदेश आपण पुरेसा ऐकलेला आहे. नाव बोथट केले की मागणी बोथट होते. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखाने लिनक्स या मुक्त प्रणालीला कर्करोग म्हटले होते. २०१८ मध्ये त्याच कंपनीने, जगभरचे प्रोग्रॅमर आपली संहिता जेथे ठेवतात ते गिटहब, साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले. कर्करोग इतक्या मोलाने कोणी घेत नाही. त्यातील डंख निघालेला होता, म्हणून तो विकत घेण्याजोगा झाला.

येथपर्यंत स्टॉलमनचा पक्ष आपला पक्ष आहे. परंतु कोणताही जाहीरनामा त्यातील 'आम्ही' कोण यावरून तपासावा लागतो. दलित पँथरचा १९७३ चा जाहीरनामा दलित कोण, मित्र कोण, शत्रू कोण हे प्रश्न स्वतःला विचारतो आणि दलितांत भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी, स्त्रिया यांना सामावून घेतो. ग्नूचा जाहीरनामा ही प्रणाली काय आहे येथून सुरू होतो. संगणक वापरणाऱ्या सर्वांचा लाभ होईल असे तो सांगतो, पण हे सर्व कोण, याची फोड करीत नाही. त्याचा नायक प्रोग्रॅमर आहे. या चळवळीत शेजाऱ्याला मदत करण्याच्या हक्काला मोठे स्थान आहे. चांगली गोष्ट आहे. पण ज्या देशात वस्तीच जातवार वसविलेली आहे तेथे शेजार हा शब्द निष्पाप नसतो. शेजाऱ्याला वाटून देणारा माणूस आपल्या आळीतच वाटून देतो. महारवाडा कोणाच्या शेजारात येतो?

जाहीरनाम्याच्या शेवटी स्टॉलमन एक स्वप्न रंगवितो. टंचाई संपलेल्या त्या जगात आठवड्याला दहा तास आवश्यक कामे केली की उरलेला वेळ प्रोग्रॅम लिहिण्यासारख्या आनंदाच्या कामाला मोकळा. ही आवश्यक कामे कोणती? कायदे करणे, कुटुंबांना सल्ला देणे, यंत्रमानव दुरुस्त करणे, लघुग्रहांवर खनिजे शोधणे. ही यादी आपण सावकाश वाचली पाहिजे. तिच्यात गटार नाही, संडास नाही, मेलेले ढोर नाही, कचऱ्याची गाडी नाही. थोड्या थट्टेने केलेली ही यादी आहे हे मान्य. परंतु काय आठवले आणि काय आठवले नाही यावरून लेखकाची जागा कळते. ज्याच्या घरची घाण दुसरा कोणी उचलतो त्याच्या स्वप्नातही ती आपोआप नाहीशी झालेली असते. आपल्याकडे हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले. गटार उपसणारी यंत्रे आहेत. तरी माणसे गटारात उतरून गुदमरतात. कारण तेथे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त आहे, आणि तो कोणत्या जातीतून यावयाचा हे आधी ठरलेले आहे. यंत्राचा शोध लागणे आणि यंत्राने माणसाची सुटका होणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

परवान्याची मर्यादा महाडने आपल्याला फार पूर्वी शिकविली आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळ्याविषयी तसाच ठराव केला. ठराव होता, पाणी होते. मधली वाट मोकळी नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो माणसे त्या वाटेने चालत गेली, पाणी प्याली आणि परतताना मार खाल्ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि हायकोर्टाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. एका प्रोग्रॅमरला संहिता नाकारली गेली आणि माणसाला पाणी नाकारले गेले या गोष्टी एका तराजूत घालणे हा आपल्या इतिहासाचा अपमान होईल. तसे मी करीत नाही. मी एवढेच म्हणतो की परवाना 'तुला अडविणार नाही' असे सांगतो. तो कोणाला पाण्यापर्यंत पोचवीत नाही.

पोचण्यास काय लागते? इंग्रजी लागते, यंत्र लागते, वीज लागते. आणि सर्वांत आधी फुरसत लागते. मुक्त सॉफ्टवेअरचा बराच भाग लोकांनी पोटाचा धंदा सांभाळून रात्री, सुटीत, विनामोबदला लिहिला. त्या कामाने नाव होते आणि नावाने नोकरी मिळते. म्हणजे ज्याला काही वर्षे फुकट काम करणे परवडते तो पुढे जातो. वसतिगृहातून सुटीत मजुरीला जाणारा विद्यार्थी कितीही बुद्धिमान असला तरी ही शर्यत तो मागून सुरू करतो. मग कोणीतरी 'संहिता तर खुली होती, तुम्ही का नाही आलात?' असे विचारतो, आणि त्याला गुणवत्ता म्हणतो. दुसरीकडे या फुकट श्रमावर मोठ्या कंपन्यांनी साम्राज्ये उभी केली. जीपीएलची अट प्रोग्रॅम वाटल्यावर लागू होते. कंपनीने तो स्वतःच्या यंत्रावर ठेवून केवळ सेवा विकली तर ती बांधली जात नाही. ही पळवाट बुजविण्यासाठी २००७ मध्ये एजीपीएल नावाचा परवाना आला. पुष्कळ कंपन्या त्याला हात लावीत नाहीत, यातच त्याची धार कळते.

'आधी भाकरी, मग संगणक' असे यावर आपले काही मित्र म्हणतील. पण भाकरीच आता संगणकातून येते. दगड-विटा उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुराचा अंगठा रेशनचे यंत्र ओळखत नाही, आणि दुकानदार 'मशीन नाही म्हणते' असे सांगून मोकळा होतो. त्या यंत्राची संहिता खुली असती तर अंगठा लगेच जुळला असता असे नाही. पण यंत्र कशाच्या आधारे 'नाही' म्हणते हे त्याच्या बाजूच्या जाणत्याला तपासता आले असते. आणि यंत्राच्या नकाराविरुद्ध माणसाकडे दाद मागण्याचा हक्क हवा, ही मागणी पुराव्यासह करता आली असती. आपल्या वाङ्मयाचेही तेच. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला सर्वत्र चालेल अशी जागा दिली, तरी मराठी मजकूर पुढे कितीतरी वर्षे खाजगी फॉन्टांत जुळविला गेला. त्या फायली त्या फॉन्टावाचून उघडल्या तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर आपला, वेदना आपली, आणि अक्षरे दुसऱ्याच्या कुलपात.

वाट चालून जाण्याची आहे, आणि ती एकट्याने चालता येत नाही. केरळात २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने पुढे सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणले. त्यामागे शिक्षकांचा रेटा होता आणि शिक्षकांचे प्रशिक्षण होते. मलयाळम भाषेसाठी झटणारे प्रोग्रॅमरही त्या राज्यात पुढे आले. तेथील जातिप्रश्न त्याने सुटला असे कोणी म्हणणार नाही. पण परवाना जेव्हा सार्वजनिक शाळेत आला तेव्हा तो हौशी माणसाच्या फुरसतीवर अवलंबून राहिला नाही, हा धडा घेण्यासारखा आहे.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. जनतेच्या पैशाने लिहिलेली सरकारी आज्ञावली जनतेला वाचावयास खुली असावी. यंत्राने हक्क नाकारला तर त्याचे लेखी कारण मराठीत मिळावे. मागासवर्गीय वसतिगृहांत संगणक नुसते ठेवू नयेत. ते शिकविणारा पगारी शिक्षक असावा, आणि शिकणाऱ्याला विद्यावेतन असावे, कारण फुरसत ही मोफत मिळणारी वस्तू नाही. आपल्या नियतकालिकांनी आणि प्रकाशकांनी आपले जुने साहित्य खुल्या अक्षरांत आणण्याचे काम हाती घ्यावे. यासाठी तर सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. ग्नूचा जाहीरनामा आपण जरूर वाचावा आणि आपल्या मुलांना शिकवावा. फक्त त्याच्या शेवटच्या यादीत राहून गेलेली कामे समासात लिहावीत, आणि ती कोण करणार हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारावा.