प्रथिनांविना रक्तद्रव

खुब्याच्या शस्त्रक्रियेत बसवलेली धातूची दांडी हाडाला धरून राहावी म्हणून तिच्यावर हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा थर देण्याची पद्धत १९८०च्या दशकात सुरू झाली. हे कॅल्शियम फॉस्फेट हाडातल्या खनिजाचे जवळचे भावंड. पण एखादा नवा पदार्थ हाडाशी जुळेल की नाही, हे प्राण्यांवर प्रयोग करण्याआधी कसे ओळखायचे? जपानचे कोकुबो आणि ताकादामा यांचा २००६ सालचा निबंध याच प्रश्नाला वाहिलेला आहे. रक्तद्रवाशी जुळते क्षार असलेले पाणी घ्या, ३६.५ अंशांवर त्यात पदार्थ बुडवून ठेवा. पृष्ठभागावर अ‍ॅपेटाइट साचले तर तो हाडाशी जुळेल, असे त्यांचे म्हणणे. प्रयोगासाठी लागणारे प्राणी त्यामुळे कमी होतील, हा त्यांचा युक्तिवाद मला मनापासून पटतो. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीवर.

रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात. या द्रावणात शून्य. आणि अ‍ॅपेटाइटइतका प्रथिनांचा लोभी पृष्ठभाग क्वचितच सापडेल. ही काही नवी बातमी नव्हे. स्वीडनच्या तिसेलियस यांनी १९५६ मध्येच कॅल्शियम फॉस्फेट भरलेल्या नळीतून प्रथिने वेगळी करून दाखवली होती. आम्लधर्मी प्रथिने आपल्या कार्बॉक्सिल गटांनी कॅल्शियमला पकडतात. लायसोझाइमसारखी अल्कधर्मी प्रथिने ऋणभारित फॉस्फेटकडे ओढली जातात. द्रावणातले फॉस्फेट वाढवले की चिकटलेली प्रथिने सुटतात. म्हणजे स्फटिकाच्या कोणत्या बाजूला कॅल्शियम उघडे आहे, फॉस्फेटच्या जागी कार्बोनेट किती शिरले आहे, यावर कोण चिकटणार हे बरेचसे ठरते. पेशी येते ती त्यानंतर. तिची गाठ खनिजाशी पडण्याआधी या प्रथिनांच्या पापुद्र्याशी पडते.

हा पापुद्राही स्थिर नसतो. लिओ व्रोमन (डच वाचक त्यांना कवी म्हणून ओळखतात, हे जाता जाता) यांनी दाखवले की रक्त काचेला लागताच आधी बसलेल्या फायब्रिनोजेनला दुसरी प्रथिने हुसकावतात. म्हणून एकट्या अल्ब्युमिनचे द्रावण घेऊन ‘इतके मायक्रोग्रॅम चिकटले’ असा आलेख काढणाऱ्या निबंधांवरही माझा फारसा विश्वास नाही. फायब्रोनेक्टिन किती बसले यापेक्षा पेशीला धरायला लागणारा त्याचा भाग वर राहिला की खाली दबला, हे महत्त्वाचे. वजनावरून ते कळत नाही.

पुन्हा त्या द्रावणाकडे. त्यात अल्ब्युमिन मिसळले तर थर साचण्याचा वेग बदलतो, पुष्कळदा मंदावतो. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तर या परीक्षेत नापास होऊनही प्रत्यक्षात हाडाशी जुळते. हा अपवाद लेखकांनी लपवलेला नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. पण नोंद करून ते पुढे निघून जातात. खरे तर निबंध इथे थांबायला हवा होता. बोनर आणि लमेत्र यांनी २००९ मध्ये हा प्रश्न उघड विचारला, तेव्हा ही परीक्षा आंतरराष्ट्रीय मानकात जाऊन दोन वर्षे झाली होती. आजही निबंधांमागून निबंध द्रावणातून काढलेल्या नमुन्याचे फुलकोबीसारखे छायाचित्र छापतात आणि खाली ‘जैवसक्रिय’ असे लिहितात. त्या शब्दातला ‘जैव’ कुठून आला, हे परीक्षकांनी एकदा तरी विचारावे.